आमरस खाऊन ठरवलेली जागा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आमच्या इंग्रजीच्या सरांचे आहेत. आईवडिलांचे आहेतच, पण ते मोजायला बसलो तर आई मधेच उठवून पाणी भरायला पाठवील. सरांचं नाव इथे लिहीत नाही. नाव कुठे लिहावं आणि कुठे लिहू नये याबद्दल त्यांची मतं फार कडक होती. ती कशी झाली ते पुढे येईलच.

आमचं गाव हसनाबाद आणि जाफराबादच्या मधे कुठेतरी आहे. ‘कुठेतरी’ हा शब्द एसटीच्या कंडक्टरचा. वडील सेठजींच्या पिठाच्या गिरणीवर कामाला होते. सेठजींचे पूर्वज राजस्थानातून आलेले, पण त्याला इतक्या पिढ्या झाल्या होत्या की भांडण निघालं की सेठजी आमच्यापेक्षा जास्त गावठी बोलायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बीए झालो तो सरांमुळे, आणि सरांनी मला जे शिकवलं त्यातलं अर्धं एका क्रियापदात आहे. तेच सांगायला बसलो आहे.

गावात शाळा सातवीपर्यंत होती. आठवी ते दहावीचे वर्ग नाल्यापलीकडे सेठजींच्या कापसाच्या गोदामात भरायचे. गोदाम नाल्यापलीकडे का, तर कापूस पेटला तर गाव पेटू नये म्हणून. हा विचार सेठजींच्या आजोबांनी केला होता आणि तो अगदी बरोबर होता. पुढे कापूस दुसरीकडे गेला, गोदाम रिकामं पडलं आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की कापसाच्या जागी पोरं ठेवावीत. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की आम्ही पोरं चड्डीवर, दप्तर डोक्यावर घेऊन पलीकडे जायचो. पोरी जायच्या नाहीत. सातवी झाली की त्यांची शाळा संपायची. कोणी तसा नियम केला नव्हता. नाला होता, तेवढं पुरे होतं.

मी नववीत असतानाची गोष्ट. आमचा जिल्हा नुकताच नवा झाला होता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात झोपलो आणि जालना जिल्ह्यात उठलो, आणि उठल्यावर काही फरक जाणवला नाही. पण नवा जिल्हा म्हटल्यावर नवी ऑफिसं, नवे दवाखाने, नवे बंगले आले. चहाच्या टपरीवर बसलेला प्रत्येक माणूस ‘साइट’ हा शब्द बोलायला लागला. ‘साइट बघाया साहेब आल्ते.’ ‘साइट पास झाली म्हणं.’ ज्यांना इंग्रजीत सही येत नव्हती त्यांनाही हा शब्द पाठ होता.

त्याच सुमारास सरांनी आम्हाला ‘माझी शाळा’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला लावला. आम्ही सगळ्यांनी एकाच गाइडातून लिहिला. ‘माय स्कूल इज सिच्युएटेड इन द हार्ट ऑफ द सिटी. इट हॅज अ ब्यूटिफुल गार्डन.’ सरांनी सगळ्या वह्या वाचल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “चला बाहेर.”

आम्ही बाहेर गेलो. समोर नाला, नाल्यात म्हशी, मागे तुराट्यांचा ढीग.

“हार्ट दाखवा,” सर म्हणाले.

आम्ही म्हशींकडे बघायला लागलो.

“सिटी तरी दाखवा.”

एक जण म्हणाला, “सर, गार्डन म्हंजी ती बाभळ धरावी का?”

सर हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मग तिथेच, म्हशींच्या साक्षीने, त्यांनी आम्हाला शिकवलं. सरांचं शाळेचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं होतं, त्यामुळे ते इंग्रजी शब्द आधी उर्दूत टाकायचे आणि मग मराठीत काढायचे.

“सिच्युएटेड म्हणजे एखादी गोष्ट जिथं आहे तिथं आहे. डोंगर आहे, गाव आहे. कोणाला विचारायचं नाही, कोणाला धरायचं नाही. बिल्ड म्हणजे गवंडी करतो ते. पण या दोन्हींच्या मधे एक काम असतं. भिंत उभी राहायच्या आधी कोणीतरी तिथं जातो. पाणी कुठून येतं, वारा कुठून, माणसं कुठून चालत येणार, हे बघतो आणि म्हणतो, इथं. जागा मुक्रर करतो. त्या कामाला इंग्रजीत क्रियापद आहे, साइट. तुम्ही टपरीवर ऐकता ते नाम. हे क्रियापद. टू साइट अ स्कूल. टू साइट अ हॉस्पिटल.” मग जरा थांबून म्हणाले, “हे क्रियापद मी पुस्तकात बिलकुल बराबर वाचलेलं आहे. आपल्या तालुक्यात ते घडताना पाहिलेलं नाही.”

आणि मग त्यांनी आम्हाला आमचाच तालुका दाखवला. गुरांचा दवाखाना टेकडीवर होता. लंगडं जनावर तिथपर्यंत चढू शकत नाही, आणि जे चढतं त्याला दवाखान्याची गरज नाही. एसटीची शेड वळणापलीकडे होती, जिथे एसटी थांबत नाही. तिथे शेळ्या थांबायच्या. याचं कारण साधं होतं आणि लहान पोरांनाही ठाऊक होतं. सरकार म्हणायचं, इमारत देतो, जागा गावाने द्या. मग गावातला कोणी मोठा शेतकरी जागा दान करायचा. दान करायची म्हणजे अर्थातच जिथे काही पिकत नाही ती. बदल्यात इमारतीच्या दगडावर त्याचं नाव यायचं, आणि इमारतीपर्यंत जो रस्ता आणि जे विजेचे खांब येतील ते त्याच्या विहिरीपर्यंत आपोआप पोचायचे.

“गृहपाठ,” सर म्हणाले. “आपल्या गावातली एक इमारत घ्या. तिची जागा कोणी ठरवली ते वाक्यात लिहा. करणारा आधी, क्रियापद मग.”

“सर, करणाऱ्याचं नाव लिवलं तर मार पडंल,” मागून आवाज आला.

“म्हणून तर सरकारी इंग्रजीत हे वाक्य कायम उलटं असतं. ‘द डिस्पेन्सरी वॉज साइटेड.’ दवाखान्याची जागा ठरवली गेली. कोणी? वाऱ्यानं.”

त्या आठवड्यात पाऊस आला, नाला चढला, शाळेला सुट्टी मिळाली आणि गृहपाठ राहून गेला. सर विसरले असतील असं मला वाटलं. सर काही विसरायचे नाहीत.

दहावीनंतर मी जालन्याला कॉलेजात गेलो. सरांनी फी भरायचं कबूल केलं नव्हतं. त्यांनी फक्त वडिलांना येऊन सांगितलं होतं की हा पोरगा पीठ दळायला ठेवलात तर पिठात खडे येतील. वडिलांना ते पटलं. मी बीए होऊन परत आलो तेव्हा गावात माझी फार चेष्टा झाली. टपरीवर कोणी मला नावाने हाक मारायचं नाही. “बीए, जरा साखर आण बरं.” “बीए आल्ता का? मंग पेपर वाचून दाखव म्हणा.” नोकरी लागेपर्यंत मी गावातले अर्ज लिहायचो आणि कार्यक्रम असला की माईकवर बोलायचो. घसा चांगला होता. पदवीचा तेवढाच उपयोग दिसत होता.

माझी धाकटी बहीण तेव्हा पाचवीत होती. ती माझ्यापेक्षा हुशार, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल काही करायचं नसतं हेही माहीत होतं. वडिलांनी एकदाच सांगितलं होतं, “सातवीपर्यंत खुशाल जा. नाल्याच्या पल्याड पोरगी धाडायची न्हाई.” वडील जुलमी नव्हते. दुसऱ्या आळीतली एक पोर नाल्यात वाहत जाता जाता वाचली होती, आणि तिला बाहेर काढणाऱ्यांत वडील होते.

अशात बातमी आली की शाळेला नवी इमारत मंजूर झाली. सहा खोल्या, वर स्लॅब. बहिणीने मला विचारलं, “दादा, कुठं व्हणार?”

“ठरायचंय.”

“कोण ठरविणार?”

उत्तर मला माहीत होतं. गावातल्या सर्वांत मोठ्या शेतकऱ्याला सगळे अण्णा म्हणायचे, मीही तेच म्हणतो. अण्णांनी जागा दान केली होती. गोदामाला लागून, नाल्यापलीकडे, पडीक. पडिकाच्या पलीकडे अण्णांची विहीर होती आणि विहिरीवर अजून डिझेलचं इंजिन होतं.

इंजिनिअर साहेब जागा बघायला मे महिन्यात आले. इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती तुम्हाला कुठल्याही सरकारी पुस्तकात सापडणार नाही. आमच्या भागातली प्रत्येक सरकारी इमारत मे महिन्यात ठरलेली आहे. पावसाळ्यात जीप चिखलात रुतते म्हणून साहेब येत नाहीत, हिवाळ्यात निवडणुका नाहीतर कसलीतरी तपासणी असते, आणि मे महिन्यात आमरस असतो. साहेब मे महिन्यात येतात तेव्हा नाले कोरडे असतात, शेतं उघडी असतात, सगळी जमीन सारखीच सपाट दिसते. अण्णांच्या घरी आमरस आणि तुपाच्या पोळ्या झाल्या. मग साहेब दुपट्टा डोक्यावर घेऊन कोरड्या नाल्यातून, गोट्यांवर पाय देत पलीकडे गेले आणि पडीक जमिनीकडे बघून म्हणाले, “उत्तम साइट आहे.”

सर मागे उभे होते. त्यांनी विचारलं, “साहेब, ऑगस्टात एकदा याल का?”

“ऑगस्टात? तुमच्या गावात जीप येते का ऑगस्टात?”

“न्हाई येत.”

“मग?”

“मुली येतील का, हे बघायला या म्हणतो.”

साहेब वाईट नव्हते. ते खरंच थोडे अडखळले. नाल्याच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, रस्त्यालगत आठवडी बाजाराची मोकळी जागा होती, गावाच्याच मालकीची, गिरणीला लागून, उंचावर, कडेला एक मोठा कडुलिंब. सरांनी ती दाखवली. साहेब म्हणाले, “सर, पटतंय. पण दानपत्र या जागेचं आहे. आता बदलायचं म्हटलं तर पुन्हा ठराव, पुन्हा मंजुरी. तोवर निधी परत जाईल. मग शाळा इथंही नाही आणि तिथंही नाही.” आणि त्यांनी माणसांना चुन्याची फक्की मारायला सांगितली. पडीक जमिनीवर पांढऱ्या रेघा उठल्या. बहीण नाल्याच्या या काठावरून बघत होती. तिला सहा खोल्या मोजता येत होत्या.

त्यानंतर सरांनी जे केलं त्याने मी त्यांच्यावर खूप चिडलो. ते अण्णांना मदत करायला लागले. भूमिपूजनाला जिल्ह्याचे मोठे नेते यायचे होते. अण्णांना निमंत्रणपत्रिका हवी होती. सरांनी लिहून दिली. मानपत्र हवं होतं. तेही लिहिलं, आणि त्यात नेत्यांना सूर्य, कल्पवृक्ष आणि कामधेनू अशा तिन्ही उपमा एकाच वाक्यात दिल्या. कोनशिला कोरायची होती. मजकूर सरांनीच ठरवला. वर नेत्यांचं नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, अमुक यांनी उदार अंतःकरणाने दान केलेल्या जागेवर ही शाळा उभी आहे. अमुकच्या जागी अण्णा, वडिलांच्या नावासकट.

“सर, हे काय करून राह्यले तुम्ही?” मी एकदा गिरणीत विचारलंच.

“मदत.”

“माझी बहीण सातवीच्या पुढं जाणार न्हाई.”

“तुला काय करता येतं?” सरांनी उलट विचारलं.

“अर्ज लिहिता येतो.”

“अन् माईकवर बोलता येतं. तेच कर.” आणि ते दळणाची पिशवी घेऊन निघून गेले.

अण्णांना भूमिपूजन मे संपायच्या आत हवं होतं. सर म्हणाले, “अण्णा, आत्ता लग्नसराई. गावात माणूस न्हाई. नेत्यांपुढे गर्दी नको का? पेरण्या उरकल्या, खुरपण्या झाल्या की गाव मोकळं. श्रावणात घ्या. महिना पवित्र, माणसं रिकामी.” अण्णांना गर्दी हा शब्द आवडला. श्रावण ठरला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी शहरातून कोनशिला आली. अण्णा ती पलीकडे मांडवात न्यायला निघाले होते. सर म्हणाले, “नवा दगड आहे, ओल्या मातीत कलंडला तर कोपरा उडेल. आज गिरणीत ठेवा, सकाळी नेऊ.” म्हणून कोनशिला गिरणीत राहिली. कुदळ, नारळ, हळदकुंकवाचं ताट, सगळं तिच्यापाशी. माईकही अलीकडेच होता, कारण वीज अलीकडेच होती; पलीकडे न्यायला वायरचं मोठं भेंडोळं आणलं होतं. मांडव, खुर्च्या आणि हारांच्या टोपल्या मात्र पलीकडे गेल्या होत्या.

सकाळी वरच्या डोंगराकडे पाऊस झाला. आमच्याकडे ऊन होतं. नाला मात्र तांबडा होऊन, काठोकाठ, मधे एखादं झाड घेऊन चालला होता. पलीकडे रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि त्यांच्यावर एक कुत्रं.

नेते तीन जीपगाड्या अण्णांच्या माणसांकडून चिखलातून ढकलून घेत उशिरा आले. पांढरे कपडे, पांढरे बूट. ते नाल्याच्या काठावर येऊन उभे राहिले आणि पाण्याकडे बघू लागले. गर्दी खरोखरच मोठी होती. सर म्हणाले होते तशी.

“साहेब, बैलगाडीनं नेतो,” अण्णा म्हणाले. “माझे बैल पोहणारे हाईत.”

नेत्यांनी बैलांकडे बघितलं. बैलांनी पाण्याकडे बघितलं. दोघांचंही मत एकच दिसत होतं.

“पुढं अजून दोन कार्यक्रम आहेत,” नेते म्हणाले.

“अर्ध्या घंट्यात उतरंल पाणी.”

“साहेबांना वेळ नाही,” नेत्यांबरोबरचा माणूस म्हणाला. “कुदळ कुठंय?”

अण्णांनी सवयीने गिरणीकडे बोट केलं. तेवढ्यात माझ्या कानाशी सरांचा आवाज आला. ते माझ्याकडे बघतही नव्हते. “माईक तुझ्या हातात आहे,” ते म्हणाले, “आणि जागा तुझ्या डोळ्यासमोर.”

मी माईक तोंडाजवळ घेतला. आजवर मी माईकवरून शेकडो वेळा ‘आता मान्यवरांनी आसनस्थ व्हावं’ असं म्हटलं असेल. त्या दिवशी मी म्हणालो, “आता मान्यवरांनी गिरणीशेजारच्या लिंबाखाली यावं. आपल्या शाळेचं भूमिपूजन तिथं होत आहे.”

गर्दीला माईकचं ऐकायची सवय असते. गर्दी वळली. गर्दी वळली की नेतेही वळतात. वडिलांनी आणि दोघा हमालांनी कोनशिला उचलून आणली. तिच्यावर रात्रभर पीठ बसलं होतं. नेत्यांच्या नावावर, अण्णांच्या नावावर, सारखंच. नेत्यांनी लिंबाखाली तीन कुदळी मारल्या, नारळ फोडला, पंधरा मिनिटं शिक्षणावर बोलले आणि जीपमध्ये बसून गेले. बूट कोरडे होते. हार मात्र पलीकडेच राहिले, म्हणून आयत्या वेळी सेठजींच्या दुकानातला देवाच्या फोटोचा हार काढून आणावा लागला.

इंजिनिअर साहेब त्या दिवशी आले होते. बुटांना चिखल लागलेला, हातात नकाशा. ते मला म्हणाले, “अरे, साइट तिकडे आहे.”

“मोठ्या साहेबांनी कुदळ इकडं मारली,” मी म्हणालो.

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली, पुन्हा उघडली. मग सरकारी माणसाला जे कळायला हवं ते त्यांना कळलं. ठराव बदलता येतो, दानपत्र बदलता येतं, मंजुरीही बदलता येते. नेत्याने कुदळ मारलेली जागा बदलता येत नाही. आमच्याकडे असा दगड हलवणं म्हणजे देव हलवण्यासारखं. देव एकवेळ हलवतात. साहेबांनी खिशातून टेप काढला आणि लिंबापासून मोजायला सुरुवात केली.

राहिले अण्णा. अण्णांचे हात लांब होते. जालन्याला एक फेरी मारली असती तर त्यांनी दगड हलवलाही असता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरणीत आले. सर दळणासाठी बाकड्यावर बसले होते, मी पिठाची चाळण धरून. बहीण दाराशी पाण्याची घागर घेऊन उभी होती आणि जायचं नाव घेत नव्हती.

“सर,” अण्णा म्हणाले, “तुम्ही मला गंडवलं.”

“बसा अण्णा.”

“बसत न्हाई. शाळा माझ्या जागेत होणार होती.”

“दगडावर काय लिहिलंय?”

“ते ऱ्हाऊ द्या. दगडावर लिवलं म्हणून...”

“वाचा की.”

अण्णा बाहेर लिंबाखाली गेले, वाचलं, परत आले. “माझ्या जागेवर शाळा उभी हाय, असं लिवलंय.”

“बराबर. आता पुन्हा कोरायचा खर्चा कोण देणार? सरकार तर देत नाही. म्हणजे हे असंच राहणार. तुमची नातवंडं येऊन वाचतील.” सरांनी पिशवीचं तोंड बांधलं. “अन् जमीन कुठंय?”

“जमीन?”

“तुमची पडीक. कोणाकडंय आता?”

अण्णांनी दारातून नाल्यापलीकडे बघितलं. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि दाराशी बहीणही बघत होती. तिचं सगळं त्या चेहऱ्यावर अवलंबून होतं.

“म्हंजी,” अण्णा सावकाश म्हणाले, “दान बी झालं अन् वावर बी राह्यलं.”

“असं दान कर्णालाही जमलं नाही,” सर म्हणाले.

अण्णा हसायला लागले. आधी पोटातून, मग तोंडातून. “खांब तेवढे राहिले,” ते म्हणाले.

“खांबांचा अर्ज बीए लिहून देईल. फुकट.”

तो अर्ज मी लिहिला. खांब यायला फार वर्षं लागली, पण तो दोष माझ्या मराठीचा नव्हता.

शाळा बांधायला सरकारला दीड वर्ष लागलं. गिरणी शेजारीच असल्यामुळे आमच्या गावातल्या पोरांना कविता आणि पीठ एकत्रच मिळतं. बहीण सातवी पास झाली त्या जूनमध्ये वडिलांनी स्वतः जाऊन तिचं नाव आठवीत घातलं. त्यांना फार लांब जावं लागलं नाही. पट्टा बंद केला, हात झटकले, वीस पावलं गेले, परत येऊन पट्टा सुरू केला. त्या वर्षी आठवीच्या वर्गात अकरा पोरी होत्या. गोदामात माझ्या वेळी एकही नव्हती.

सर पुढे रिटायर होऊन जालन्याला मुलाकडे राहायला गेले. मलाही तोवर पंचायत समितीत कारकुनाची नोकरी लागली होती. बहिणीचा दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी सरांना जे पत्र लिहिलं, ते इथे देतो. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे आहे. सरांनीच लावलेली सवय.

*

सर,

पाया पडतो असं लिहिलं की तुम्ही रागावता, म्हणून लांबूनच हात जोडतो.

बहीण पास झाली. पहिल्या वर्गात. गणितात वर्गात पहिली. इंग्रजीत किती मिळाले ते तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो की पास झाली. तुम्ही गेल्यानंतर जे सर आले ते गाइडातून शिकवतात. तिने निबंधात शाळा शहराच्या हृदयात असल्याचं लिहिलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘दादा, मी लिंबाखाली असल्याचं लिवलं.’ म्हणून गुण कापले असावेत.

इमारत ठीक आहे. एका खोलीला तडा गेला आहे, पण काळी माती म्हटल्यावर तेवढं व्हायचंच. नळ बसवलेत, पाणी बसवलेलं नाही. कोनशिला तशीच आहे. अण्णा पाहुण्यांना आणून दाखवतात. मधल्या सुट्टीत पोरी तिच्यावर बसून चिंचा खातात. तुमचं नाव गावात कुठल्याच दगडावर नाही. मागे मी पंचायतीत तसा विषय काढला होता. मग तुमचा चेहरा आठवला आणि मागे घेतला.

तुमचा एक गृहपाठ माझ्याकडे नववीपासून राहिला आहे. गावातली एक इमारत, तिची जागा कोणी ठरवली, करणारा आधी. बरेच दिवस बसून केला. करणाऱ्याच्या जागी नेत्यांचं नाव घालून बघितलं, हसू आलं. तुमचं घातलं, तर तुम्ही तांबड्या शाईने खोडाल. शेवटी हे लिहिलं आहे: ‘द नाला साइटेड अवर स्कूल.’ नाल्याला इंग्रजीत दुसरा शब्द असेल, पण तो नाला आपला नसेल. तुमचा भाग वाक्यात बसला नाही. तुम्ही सुधारून पाठवा.

आमच्या ऑफिसात साहेब अजून जागा बघायला मे महिन्यातच जातात. गेल्या वर्षी एका गावच्या दवाखान्याची फाइल माझ्याकडे आली तेव्हा मी ती कपाटात खाली ठेवली आणि श्रावणात वर काढली. साहेबांनी मला फैलावर घेतलं, पण गेले. गुडघाभर चिखल घेऊन आले आणि म्हणाले, ती जागा नको. तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आता मुद्द्याचं. बहिणीला अकरावीला जाफराबादला जायचं आहे. आईचं काही म्हणणं नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, ‘कालेजच्या वाटंत नाला हाय का?’ मी त्यांना म्हटलं, बघून सांगतो. चांगला पाऊस चालू असताना, छत्री न घेता, घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत स्वतः जाऊन आलो. नाला आहे, सर. पूलही आहे, आणि तो नाल्यावरच बांधलेला आहे.

तुमचा,
बीए